कर्णिकांचं खरं मत

खडवलीच्या शीलाच्या पत्राला कर्णिकांनी दोन महिने उत्तरच दिलं नव्हतं. 'सामुराई आणि निन्जांची ती रक्तबंबाळ जपानी कार्टून फिल्म ज्याला आवडेल, त्याचं डोकं तपासायला हवं, असं तुम्ही पेपरात लिहिलंत. मी कल्याणला मैत्रिणीकडे ती तीनदा पाहिली. फार आवडली. माझं काही बिघडलंय का हो, काका?'

आज नौपाड्यातला कॅसेटवाला दारात येऊन ओरडला, "काका, निन्जाची कॅसेट द्या आता! पाचदा नेलीत, पाठ झाली असेल!"

कॅसेट देताना कर्णिक ओशाळून हसले. मग त्यांनी कार्ड लिहिलं, 'चि. शीला, मलाही फार आवडली. खरं लिहायचा धीर झाला नाही. बिघडलं असेलच, तर आपलं दोघांचं.'

कार्ड पेटीत टाकून ते हलक्या मनाने कॅसेटवाल्याकडे गेले, सहाव्यांदा.