निळा जाळ

सांडूनं टेम्पोतच रांधायची-झोपायची सोय केली आणि आईला, दगडाबाईला, फिरायला काढलं. अजिंठ्याजवळ भर उन्हात गाडीतला फ्रिज गार होईना, तशी ती हबकली. तिची शुगरची इंजेक्शनं त्यातच होती. सांडूनं फ्रिजची मागची झडप उघडली, गॅसच्या बर्नरमधलं कोळिष्टक ब्रशनं काढलं आणि काडी लावली. निळा जाळ धरला.

“अरं, औषध गार ठेवायचं सोडून जाळ काय लावतो?”

“आई, हा फ्रिज जाळावरच गार व्हतो.”

दिवस कलल्यावर तिनं तव्याच्या चटक्यांनी काळवंडलेला हात फ्रिजमध्ये घातला आणि किती तरी वेळ तसाच ठेवला.

“सगळा जन्म चुलीपुढं गेला रं,” ती हळूच म्हणाली. “मला वाटायचं, जाळाला नुसतं भाजताच येतं.”