बहात्तरावा डाव

बहात्तरावा डाव आला आणि थोंगची टाच उचलली गेलीच.

एका पायावर उभं राहायचं, त्याच टाचेवर गर्रकन वळायचं आणि टाच जमिनीवरून न हलवता खाली बसायचं. बस, एवढंच. आधीचे एकाहत्तर डाव गड्यानं असे काढले होते, की बाकावरची तिन्ही बुजुर्ग मंडळी सूर्यफुलाच्या बिया सोलायची थांबली होती. आता त्यांनी पुन्हा बिया तोंडात टाकल्या.

फू गुरुजींनी डोळे मिटून घेतले. हे नववं वर्ष. नऊ वसंतांत नऊ परीक्षा, आणि नऊही वेळा ती मेली टाच.

"खाण तशी माती," बाकावरचा गेंग म्हणाला. "तुला अकरा लागली होती ना रे, फू?"

गेंग गुरुजींचा गुरुबंधू. दोघं एकाच आखाड्यात वाढले. गेंग चार वर्षांत पास झाला आणि रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत वळकटी उचलून चालता झाला. पिकलेलं बोर झाडावर ठेवायचं नसतं, असं त्या गावात म्हणतात. तयार झालेल्या चेल्यानं गुरूच्या छपराखाली राहायचं नाही. आपला आखाडा काढायचा, नववर्षाला येऊन गुरूला चहा द्यायचा आणि निघायचं. गेंगचा आखाडा तालुक्याला जोरात चालला. फू मात्र अकरा वर्षं बहात्तराव्या डावावर अडकून पडला. जमला तो थेट म्हातारे गुरू वारल्यानंतरच्या वसंतात. "बिचाऱ्यांना बघायला मिळालं नाही," असं गेंग अजूनही भेटेल त्याला सांगत असे.

आता फू गुरुजी एकोणऐंशीचे होते. बायको जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गुडघे सुजून भोपळ्यासारखे. थोंग वीटभट्टीवरून आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. गुरुजींनी त्याच्यासाठी काही म्हणून करायचं बाकी ठेवलं नव्हतं. उदबत्ती जळून संपेपर्यंत मांड्या जमिनीला समांतर ठेवून बसवलं. दगडांनी भरलेल्या टोपलीच्या काठावरून चालवलं आणि रोज एकेक दगड काढून घेतला. टाचेखाली कागद ठेवून तो ओढून बघितला. दर वेळी कागद अलगद हातात यायचा. गुरुजी हताश व्हायचे आणि थोंग मान खाली घालून जोंधळ्याची पेज ढवळायला जायचा.

या वर्षी मात्र प्रश्न वेगळा होता. घराण्याची नवी वही लिहायला घेतली होती. प्रत्येक गुरूच्या नावाखाली त्याच्या वारसाचं नाव. फूच्या नावाखाली कोरी जागा राहिली, तर मूळ आखाड्याची सहा पिढ्यांची ओळ तिथेच संपणार होती. गेंगचं म्हणणं, त्याचा पुतण्या तयार आहे, त्याचंच नाव घालू. गुरुजींनी फक्त आपला शिक्का उमटवायचा.

गुरुजींचा जीव तुटत होता. पण घराणं बुडवायचं पाप कोण घेणार? त्यांनी मान डोलावली. शिक्का संध्याकाळी गेंग उतरला होता त्या खाणावळीत उमटवायचा ठरला.

मंडळी गेल्यावर त्यांनी थोंगला समोर बसवलं.

"उद्या तुझं सामान बांध. भट्टीवर जा, लग्न कर. माझ्याकडून काही होत नाही."

थोंग म्हणाला, "गुडघ्यांचं पाणी कोण तापवणार?"

"त्याची पंचाईत तुला कशाला?" गुरुजी खेकसले आणि काठी घेऊन बाहेर पडले.

पूल ओलांडल्यावर त्यांनी खिसा चाचपला. शिक्का घरीच राहिला होता. स्वतःला शिव्या घालत ते परत फिरले.

आखाड्याचं दार अर्धवट उघडं होतं. थोंग विहिरीकडून येत होता. खांद्यावर कावड, दोन्ही बादल्या काठोकाठ भरलेल्या. तेवढ्यात एक कोंबडी फडफडत त्याच्या पायात आली आणि मागून तिची पिल्लं. थोंग एका पायावर थबकला. त्याच टाचेवर गर्रकन वळला आणि पिल्लांच्या वरून दुसरा पाय लांबवत खाली, पार जमिनीपर्यंत बसला. टाच हलली नाही. बादल्यांतलं पाणी सांडलं नाही. मग तो उठला, कोंबडीला म्हणाला, "बाई, बघून चालत जा," आणि पाणी चुलीवरच्या हंड्यात ओतायला गेला.

गुरुजी दाराशीच उभे राहिले. इतका चोख बहात्तरावा डाव त्यांनी आपल्या गुरूंनंतर कुणाचाच पाहिला नव्हता.

त्यांनी बाहीनं डोळे पुसले, मोठ्यानं खाकरले आणि आत गेले. थोंग दचकला. एवढ्यात कसे आलात म्हणून त्यानं विचारलं, तर ते सरळ फडताळाकडे वळले. फडताळात शिक्क्याची डबी समोरच होती. त्यांनी ती उचलली, घडीच्या रजईखाली पार मागं सारली आणि फडताळ लावून टाकलं.

मग अंगणातल्या बाकावर बसून पाय पसरत ते म्हणाले, "बहात्तरावा करून दाखव."

थोंगनं हात पुसले आणि उभा राहिला. एका पायावर तोल, टाचेवर गिरकी, आणि खाली बसताना टाच उचलली. तो मान खाली घालून उभा राहिला.

"गाढवा, चूक अशी नाही करत," गुरुजी म्हणाले. "आधी खांदा झुकू दे, मग टाच उचल. मी अकरा वर्षं तशीच केली, गेंगला अजून कळलेलं नाही."