गल्लीचा आजार

गटारावरच्या खांबाचा दिवा सकाळी पिवळा झाला आणि कौसल्याची भाकरी तव्यावरच करपली. गटारातल्या तपासणी यंत्राला सांडपाण्यात कॉलरा सापडला होता, आणि तिची लेक मनू कालपासून जुलाबांनी गळून गेली होती.

आधीच्या गावात असल्याच यंत्रानं थेट तिचं घर सांगितलं होतं. दारावर पाटी लागली, खानावळीचं गिऱ्हाईक तुटलं आणि शेवटी गावच सोडावं लागलं. नव्या कायद्यानं यंत्राला फक्त गल्ली सांगायची मुभा ठेवली होती. घर सांगायचं ते त्या घरच्या माणसांनी. पण कौसल्याचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

नर्स शेवंताताई पेटी घेऊन आल्या. "कुणाकडं आजारी आहे?"

"आमच्याकडंच असेल बघा," समोरचे लोहार नाना भाता थांबवून म्हणाले. माणूस कसा, तर चांगला धडधाकट!

"दर वेळी तुमच्याकडंच कसं हो, नाना?" माडीवरून झुबेदाबी कडाडल्या. "या खेपेला आमच्याकडं आहे!"

"छे, छे, आमच्याकडं," आणखी दोन दारांतून आवाज आले.

असं बोलायचं कायद्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. कुणाचं एकच घर उघडं पडू नये म्हणून ते गल्लीनं आपणहून जोडलं होतं.

कौसल्या थक्क होऊन ऐकत राहिली. मग तिनं गॅस बंद केला आणि दारात आली.

"ताई, आमच्याकडं आहे. मुलीला जुलाब होतायत."

कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. नाना तेवढे भात्याला हात घालत म्हणाले, "मग ताई, आधी तिकडं जा. आमचा आजार काय, थांबेल तेवढा."