अंगातलं पाणी

आप्पांच्या पलंगाच्या पायथ्याशी स्क्रीनवर आकडा दिसत होता : अंगातलं पाणी, बावन्न लिटर. हेमलतानं ऑक्सिजनचा मास्क जरा उचलून ओला कापूस वडिलांच्या ओठांवरून फिरवला.

"घोटभर तरी दे गं," आप्पा मास्कमधून म्हणाले.

जंतूंना मारणारं एकच औषध आता उरलं होतं, तेही मोजकं. सुजलेल्या अंगात ते पातळ होऊन वाया जाई, म्हणून पाणी अठ्ठेचाळीसच्या खाली उतरल्याशिवाय ते कुणालाच मिळत नसे.

"ताई, पाणी तोडावंच लागेल," डॉक्टर सय्यद म्हणाले होते. "नाहीतर औषध पुढच्या पेशंटला जाईल."

हेमलतानं मन घट्ट केलं. आप्पा हात जोडत राहिले आणि ती तोंड फिरवून बसली. अखेर आकडा उतरला, औषध सुरू झालं, तापही गेला. पण लघवी थांबली ती थांबलीच.

"किडन्या कोरड्या पडल्या. डायलिसिस त्यांना झेपायचं नाही," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "आता पाजा हवं तेवढं."

तिनं चमचा ओठांना लावला. आप्पांना गिळायचंही भान नव्हतं. पाणी हनुवटीवरून उशीवर ओघळलं, तरी ती वेड्यासारखी चमचा भरतच राहिली.