होडीचं पुढे काय झालं

“पुस्तकात लिहायचं नसतं, एवढंही घरी शिकवलं नाही का?”

ग्रंथपालांचा आवाज बालविभागात घुमला. एरवी ते इतके हळू बोलत, की मुलं त्यांना ‘शूकाका’ म्हणत. आज मात्र आठ वर्षांच्या मुंगीपुढे पुस्तक नाचवत ते ओरडत होते. मुंगी हे नावही मुलांनीच ठेवलेलं. अंगापेक्षा मोठी पुस्तकं छातीशी धरून नेते म्हणून. त्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर तिनं वरपासून खालपर्यंत पेन्सिलीनं गिचमिड अक्षरात लिहून ठेवलं होतं.

“काका, पण ती होडी...”

“शू! एक अक्षर नको.”

शेजारी तिची आई उभी होती. शिवणाच्या दुकानातून तासाभराची सुट्टी काढून लेकीसोबत आलेली. चारचौघांत तिची मान खाली गेली. “पुन्हा नाही होणार, साहेब,” एवढंच ती म्हणाली. मुंगीचं कार्ड महिनाभरासाठी जप्त झालं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर ग्रंथपाल खोडरबर घेऊन बसले. पुस्तकं नीटनेटकी ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पान फाटू नये म्हणून डाव्या हातानं कागद दाबून धरत ते एकेक ओळ पुसत खाली आले. शेवटच्या दोन ओळी उरल्या. चुरा फुंकून टाकताना त्यांची नजर तिथं अडखळली.

‘होडी घरी आली. पण आता तिला आपला किनारा छोटा वाटायला लागला.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग गडबडीनं त्याआधीचं पान उघडलं. छापील मजकूर ‘दोर तुटला आणि मग धुक्यातून’ इथंच थांबला होता. पुढची पानं शिवणीतून केव्हाच गळून गेली होती. दोऱ्याचं टोक तेवढं लोंबत होतं.

दहा वर्षं ते पुस्तक त्यांच्या कपाटात होतं. मुलं अर्धी गोष्ट घरी नेत होती, अर्धीच परत आणत होती. मागे एका पोरानं ‘काका, ही गोष्ट संपतच नाही’ असं सांगितल्याचंही त्यांना आठवलं. त्यालाही त्यांनी ‘शू’च केलं होतं.

खिडकीशी जाऊन त्यांनी ते पान उजेडात धरलं, तिरकं केलं, चष्मा काढून डोळ्यांशी नेलं. पेन्सिलीच्या दाबाच्या खुणांमधून ‘दिवा’ हा शब्द वाचता आला, ‘घाबरली नाही’ एवढं कळलं. बाकी सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं साफ केलं होतं.

महिना संपला. मुंगी आली नाही. त्यानंतरचे दोन शनिवारही गेले. दार वाजलं की ते मान वर करत आणि पुन्हा खाली घालत. तिसऱ्या शनिवारी त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं, नोंदवहीतून पत्ता उतरवून घेतला आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा जिना चढले.

दार उघडताच आईच्या तोंडचं पाणी पळालं. “आता काय केलं हो हिनं?”

“तिनं काही नाही केलं, ताई. केलं ते मी.”

मुंगी खिडकीपाशी बेरजा सोडवत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि हातातली पेन्सिल पटकन पाठीमागे लपवली.

ते पाहून ग्रंथपालांनी वाटेत जुळवत आणलेलं सगळं बोलणं बाजूला ठेवलं. ते तिच्यासमोर फरशीवर बसले. पुस्तक उघडून त्यांनी ते पुसट पान पुढे केलं.

“धुक्यातून काय आलं गं?”

मुंगी पान न्याहाळत राहिली.

“मुलं विचारतात. मलाही सांगता येत नाही. पुन्हा लिहून देशील?”

मुंगीनं पानावर बोट फिरवलं. वरून खाली, उरलेल्या दोन ओळींपाशी येऊन ते थांबलं. “पण तुम्हाला माहीत आहे ना सगळं? तुम्हीच तर पुसलं.”

खोटं बोलणं सोपं होतं. ‘वाचलं गं, विसरलो,’ म्हटलं असतं तर लेकराला बरंच वाटलं असतं. ग्रंथपालांनी आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“मी वाचलंच नाही, बाळा. न वाचताच पुसलं.”

खालच्या दुकानात कुणीतरी चाकाची तार ठोकत होतं. मुंगीचा पाठीमागचा हात हळूच पुढे आला. तिनं पेन्सिलीचं टोक तपासलं, पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि लिहायला वाकता वाकता थांबली.

“लिहिते. पण काका, या वेळी पुसायच्या आधी वाचाल ना?”