पाळण्याचा हक्क

आत्या पाळण्याची दोरी ओढत दुसऱ्या कडव्यावर आली, तेवढ्यात वहिनीच्या फोनवर मस्कतहून दादाचा आवाज आला, "लेकीचं बारसं मुकंच बघायचं का मी? गाणं ऐकू येत नाही."

थेट प्रक्षेपण माझ्या मोबाईलवरून चाललं होतं. पडद्यावर सूचना आली होती: 'या गाण्याचे हक्क एका म्युझिक कंपनीकडे आहेत. आवाज बंद केला आहे.'

हा पाळणा आत्याने माझ्या बारशासाठी रचला होता. त्याच बारशात भरलेली त्याची कॅसेट गेल्या वर्षी मीच इंटरनेटवर टाकली होती. सूचनेखालची कंपनीच्या गाण्याची लिंक उघडून मी मोबाईल कानाला लावला. मागे नवा पियानो होता, पुढे आत्याचा चौतीस वर्षांपूर्वीचा आवाज. तिसऱ्या कडव्यात बाळ रडलं. कंपनीने माझं रडणंही स्वतःच्या नावावर केलं होतं.

"माझं काही चुकलं का गं?" आत्याने विचारलं.

"तुझं नाही, माझं चुकलं." मी वहिनीचा फोन बाळाच्या उशाशी ठेवला. "पहिल्यापासून म्हण. दादा ऐकतोय."

माझा मोबाईल मी दाराबाहेर, चपलांच्या रांगेत ठेवून आले.