मार्ग्रेव्हचं पहिलं जेवण

"ती अंगठी काढा, बाई," राजधानीहून आलेला सम्राटाचा मेहुणा म्हणाला. "तुमचे यजमान वारले. मार्ग्रेव्ह हा किताब आता माझा."

एडेलगुंडनं अंगठी काढून दिली. मग तिनं किल्ल्याबाहेर, सीमेवरच्या ओढ्याकाठी टेबल मांडायला लावलं. पलीकडे शत्रूचे तिरंदाज. ते असे नेमबाज, की उडत्या माशीची एक मिशी उडवतील आणि दुसरीला पत्ता लागू देणार नाहीत.

"हे काय?"

"जेवण. मार्ग्रेव्ह म्हणजे सीमा राखणारा सरदार. नव्या मार्ग्रेव्हनं पहिलं जेवण इथं बसून करायचं आणि मागं पहारेकऱ्यानं किल्ल्याचा दरवाजा आतून लावून घ्यायचा, हा आमचा रिवाज."

"राजधानीतले मार्ग्रेव्ह नाचायला जातात, बाई. सीमा कशाशी खातात हे त्यांना ठाऊकही नसतं."

"इथं मटणाच्या रश्शाशी खातात. बसा, निवतोय."

मेहुणा बसला. पहिला घोट घेतो न घेतो तोच सूंऽ करत बाण आला आणि पावात रुतला. मेहुण्यानं अंगठी टेबलावर टाकून अशी धूम ठोकली, की राजधानीच्या वेशीत तो आपल्या घोड्याच्या अर्धा कोस आधी पोचला म्हणतात.

एडेलगुंडनं अंगठी बोटात घातली आणि ती त्याच खुर्चीत बसली.

"बाईसाहेब, दरवाजा किलकिला ठेवतो," पहारेकरी हळूच म्हणाला.

"चांगला अडसर घाल," पावातला बाण उपटत ती म्हणाली. "आणि सम्राटाला निरोप धाड, मार्ग्रेव्ह जेवतेय."